न निघणाऱ्या सिनेमाचा ट्रेलर

विद्यार्थ्यांनी केलेला ट्रेलर ही जरा विचित्र वस्तू आहे. ट्रेलर कशाचा? तर सिनेमाचा. आणि सिनेमा कुठे आहे? तर कुठेच नाही. तो कधी निघणारही नाही. शंभर गुणांचा प्रकल्प, चार-पाच जणांचा गट, दोन मिनिटांची चित्रफीत, सोबत नियोजनाची वही आणि शेवटी मूल्यमापन. संपलं. बाजारातला ट्रेलर म्हणजे आगाऊ दिलेला शब्द असतो. दोन महिन्यांनी प्रेक्षक तिकीट काढतो आणि तो शब्द तपासून बघतो. मुलांनी दिलेला शब्द तपासायला कुणीच येणार नसतं. मग तो खरा की पोकळ, हे ठरवायचं कसं? तत्त्वज्ञान शिकवण्यात आमची हयात गेली, त्यामुळे असा प्रश्न दिसला की आम्ही तिथंच थबकतो. आज त्या प्रश्नाशी थोडं बसू.

नमुना म्हणून एक प्रकल्प घेऊ. आपल्या बीड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात आम्हांला बाहेरचे परीक्षक म्हणून बोलावलं होतं. महाविद्यालयाचं नाव घेत नाही, मुलांचीही नावं नकोत. त्यांनी ते काम जगासाठी केलं नव्हतं. विषय सगळ्या गटांना एकच होता: थ्रिलरचा ट्रेलर. त्यांतला एक दोन मिनिटं दहा सेकंदांचा. सुरुवातीला ड्रोनमधून उसाचं रान. मग धप्प असा आवाज आणि काळा पडदा. पडद्यावर पांढरी अक्षरं. पुन्हा धप्प. धावणारे पाय, पैंजण, तोंडाला रुमाल बांधलेला माणूस, त्याच्या हातात कोयता. मध्येच खजाना विहिरीच्या पायऱ्या. एक किंकाळी. मग सगळं वेगानं, इतक्या वेगानं की आमच्या वयाच्या माणसानं चष्मा सावरेपर्यंत दहा दृश्यं निघून जावीत. शेवटी: लवकरच.

सोबतची वही मात्र पाहण्यासारखी होती. कोणतं दृश्य कुठून घ्यायचं, उजेड कधी असेल, कोण काय घालणार, चहापाण्याला किती, मोटारसायकलच्या पेट्रोलला किती. चित्रकथेचे चौकोन पेन्सिलीनं नीट काढलेले. इतकी शिस्त आमच्या प्रबंधालाही नव्हती. पण ती वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली तरी एक गोष्ट सापडत नाही. तो रुमालवाला कोण? ती मुलगी कशाला पळते? तोंडी परीक्षेत विचारलं तर उत्तर आलं, ‘सर, ते सस्पेन्स आहे.’

इथं आमचा आक्षेप सुरू होतो, आणि तो मुलांवर कमी, त्यांना जो मूल्यमापनाचा तक्ता दिला होता त्यावर जास्त आहे. तक्त्यात रकाना होता: थ्रिलरचे संकेत पाळले आहेत काय? पाळले होते की! सगळे पाळले होते. पण ते संकेत घेतले कुठून, तर पन्नास दुसऱ्या ट्रेलरांतून. मुलांनी गुपित झाकलं नव्हतं. झाकण्याचा आविर्भाव केला होता. पेटीला कुलूप लावलं, पण पेटीत काही ठेवायचं राहूनच गेलं.

जे झाकायचं ते आधी माहीत पाहिजे. एवढी एकच गोष्ट आज सांगायची आहे, बाकी सगळा तिचा विस्तार.

1960 साली हिचकॉकनं ‘सायको’चा जो ट्रेलर केला तो पाहा. सहा मिनिटांहून मोठा आहे. त्यात सिनेमातली दृश्यं जवळपास नाहीतच. खुद्द हिचकॉक त्या मोटेलमधून आणि मागच्या घरातून फिरतो, एखादा दलाल जागा दाखवतो तसा. इथं हे घडलं, त्या जिन्यावर ते घडलं, आणि वाक्य अर्धं सोडून पुढं जातो. शेवटी न्हाणीघराचा पडदा सरकवतो आणि एक बाई किंचाळते. गंमत अशी की ती सिनेमात तिथं मरणारी नटीच नाही, दुसरीच आहे. एवढी लबाडी करायला किती नेमकं माहीत असावं लागतं! कोणत्या खोलीत काय आहे, कोणती गोष्ट सांगितली तर सिनेमा फुटेल आणि कोणती सांगितली तर वाढेल, हे ज्याला ठाऊक आहे तोच असा आरामात फिरू शकतो. आमच्या मुलांचा कॅमेरा इतका धावत होता याचं कारण, आम्हांला वाटतं, हेच. थांबला असता तर तिथं काही नाही हे दिसलं असतं.

हिचकॉकचाच दुसरा दाखला तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. टेबलाखाली बॉम्ब आहे. प्रेक्षकाला तो माहीत नसेल आणि एकदम फुटला, तर पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो. माहीत असेल आणि टेबलावरची माणसं निवांत गप्पा मारत असतील, तर पंधरा मिनिटं जीव टांगणीला लागतो. म्हणजे सस्पेन्स म्हणजे न सांगणं नव्हे, मुलांचं तिथंच चुकलं. काहीतरी सांगावंच लागतं. आपल्या मराठीत राजा परांजप्यांचा ‘पाठलाग’ 1964 साली आला, इतका घट्ट बांधलेला की दोन वर्षांत त्याचा हिंदीत ‘मेरा साया’ झाला. तिथं प्रश्न अगदी स्वच्छ शब्दांत समोर ठेवलेला आहे: ही बाई त्या माणसाची बायको की बायकोसारखी दिसणारी दुसरीच कुणी? प्रश्न लख्ख आहे, म्हणून अंधार टिकतो.

आता कोयत्याकडे येऊ. आमचं त्या ट्रेलरवर खरं भांडण तिथं आहे.

पडद्यावर रात्री कोयता चमकला की पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला खून दिसतो. पण आपल्या जिल्ह्यात कोयता हा मोजणीचा शब्द आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी. मुकादम विचारतो, किती कोयते? दसरा-दिवाळीच्या सुमाराला उचल घेऊन गाड्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकात जातात, आणि गाव म्हाताऱ्यांच्या आणि पोरांच्या ताब्यात राहतं. एक दिवस कामावर गेलं नाही तर खाडा लागतो. उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामावर जाते. एक हत्यार, ज्यात माणसं मोजली जातात! यापेक्षा भयाण प्रतिमा थ्रिलरवाल्याला शोधून सापडायची नाही. ती या मुलांच्या घरात, पत्र्याच्या कडीला अडकवलेली होती. त्यांनी ती घेतली आणि मुंबईच्या सिनेमातल्या गुंडाच्या हातात दिली. त्या गटातल्या दोघांचे आईवडील तेव्हा फडावर होते.

विहिरीचंही तेच. खजाना विहीर सोळाव्या शतकातली, शेतीला पाणी द्यायला बांधलेली. जुनी दगडी वास्तू दिसली की मागं भुताचं संगीत टाकायचं ही सवय शहरी कॅमेऱ्याची. बीडच्या माणसाला विहिरीची भीती वाटते ती तळ दिसायला लागल्यावर. असो.

कुणी म्हणेल, सर, तुम्हांला माहितीपट हवाय. मुळीच नाही. 2017 सालचा विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ बघा. अस्सल भयपट आहे. गर्भवती बाई, उसानं वेढलेलं घर, बाहेर पडायची वाट सापडत नाही. त्यातला ऊस नुसती शोभा नाही, तिथं मुलींच्या भ्रूणहत्येची गोष्ट दडलेली आहे. ज्या जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे 807 मुली भरल्या, त्या जिल्ह्यातल्या प्रेक्षकाला तो ऊस कसा दिसत असेल? हाच दिग्दर्शक पुढं तीच कथा ‘छोरी’ नावानं हिंदीत घेऊन गेला. भुतं तीच, दचकवणं तेच. पण भीतीला पत्ता आहे. ड्रोनमधून दिसणारा आमच्या मुलांचा ऊस नुसता हिरवा होता.

आता जरा अवघड भागाकडे. त्या ट्रेलरमध्ये सात सेकंदांचं एक दृश्य आहे. एक माणूस जमिनीवर पडला आहे, चौघे त्याला मारताहेत आणि एकजण फोनवर चित्रण करतो आहे. ते कुठून आलं हे आपल्याला सांगायला नको. 9 डिसेंबर 2024 ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण झालं आणि त्यांचा खून झाला. पुढं मार्च 2025 मध्ये दोषारोपपत्रातली छायाचित्रं बाहेर आली आणि घराघरांतल्या फोनवर जाऊन पोहोचली. लेकराबाळांनी ती पाहिली. मूल्यमापनाच्या बैठकीत एक सहकारी म्हणाले, हे दृश्य काढायला लावा, जिल्ह्याची बदनामी होते, गुणही कापा. मुलं म्हणाली, हे वास्तव आहे. आम्हांला दोन्ही बाजू पटल्या नाहीत.

बदनामीचा मुद्दा लवकर निकालात काढू. जिल्ह्याची अब्रू राखणं हे परीक्षकाचं काम नाही, आणि ती दोन मिनिटांच्या चित्रफितीनं जात नाही. मुलांचं म्हणणं मात्र गंभीर आहे, त्याला उत्तर द्यायला हवं. ते उत्तर हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये अभिनवगुप्तानं देऊन ठेवलं आहे. भयानक रसाबद्दल बोलताना तो शाकुंतलाच्या पहिल्या अंकातलं हरीण घेतो, दुष्यंताच्या बाणापुढे पळणारं, मान वळवून मागं बघणारं. तो म्हणतो, इथं प्रेक्षकाला भीती प्रतीत होते, पण ती ‘या’ हरणाची नाही, ‘माझी’ नाही, शत्रूची नाही, मित्राची नाही. स्थळकाळाच्या खुंटीला ती बांधलेली नाही. म्हणून ती चाखता येते. खुंटीला बांधलेली भीती आली की मनात दुसरंच सुरू होतं: पळू का, मारू का, हा आपला की परका. रसात विघ्न येतं.

आता ते सात सेकंद केज तालुक्यातल्या प्रेक्षकासमोर ठेवा. तो सिनेमातून ताबडतोब बाहेर पडतो. कुणाला रडू येतं, कुणाला संताप. आणि मुख्य म्हणजे कुणाकुणाची जात जागी होते. मुलांनी काहीच निर्माण केलं नाही; लोकांच्या मनात जे आधीच होतं ते उधार घेतलं. शिवाय एका घराचं दुःख ‘लवकरच’ या पाटीच्या अलीकडे मसाला म्हणून वापरलं. आम्ही गुण कमी दिले ते याकरता. पण विषयच वर्ज्य करा असं म्हणणाऱ्यांच्या बाजूनंही आम्ही सही केली नाही. रात्री ते छायाचित्र फोनवर आलं, पोरानं पाहिलं आणि सकाळी शाळेच्या रिक्षात तो काहीच बोलला नाही; कॅमेरा त्या पोराच्या तोंडावर ठेवला असता तर? फोनमध्ये काय आहे ते दाखवायचंच नाही. मस्साजोगही जपलं जातं आणि भीती सगळ्यांची होते.

खरं म्हणजे मुलांच्या हाताला ही गोष्ट लागली होती. त्या दोन मिनिटं दहा सेकंदांत चार सेकंद असे आहेत की ज्यांच्यासाठी आम्ही तो ट्रेलर तिसऱ्यांदा पाहिला. बाजेवर एक आजी बसली आहे. शेजारी मोबाइल वाजतो. ती उचलत नाही. इकडं तिकडं बघते आणि त्यावर पदर टाकते. वाजणं चालूच. बस, लगेच धप्प आणि काळा पडदा.

हे काय आहे, विचारलं. मुलं गोंधळली. ते नियोजनात नव्हतंच. वहीत त्याचा चौकोन नाही. आजीला कॅमेऱ्यासमोर बसवलं, नातवाचा फोन वाजला, तिला वाटलं आता बोलणी बसतील म्हणून तिनं तो झाकला. संकलन करताना एका मुलीला ते बरं वाटलं, तिनं ठेवून दिलं. का बरं वाटलं हे तिला सांगता आलं नाही, पण तिचा हात बरोबर पडला होता. फोन कुणाचा? मुकादमाचा? फडावरून काही निरोप आहे, जो आजीला ऐकायचा नाही? की घरात कुणी लपलं आहे आणि आवाज बाहेर जायला नको? या तिन्हींतून एक उत्तर निवडायचं, ते कागदावर लिहायचं, आणि मग ते सोडून बाकी सगळं दाखवायचं. हे आमच्या मते थ्रिलरच्या ट्रेलरचं नियोजन. पेट्रोलचा हिशेब त्यानंतर.

साधनं नाहीत, पैसा नाही, ही सबब आम्ही ऐकतो, पण फार वेळ नाही. शेजारच्या नगरला संज्ञापन शिकताना करमाळ्याकडच्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ नावाचा लघुपट केला. शाळेत जाऊ पाहणारं एक पारधी पोर, एवढीच गोष्ट. 58 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत कथाबाह्य विभागात दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटाचा मान तिला मिळाला. तिथं ड्रोन नव्हता. पोराला काय हवं आहे आणि ते का मिळत नाही, हे करणाऱ्याला पक्कं माहीत होतं.

मूल्यमापनाच्या तक्त्यात आम्ही एक बदल सुचवला. संकेतांचा रकाना राहू द्या, पण त्याचे गुण दहावर आणा. त्याऐवजी प्रत्येक गटानं न निघणाऱ्या त्या सिनेमाचा शेवट एका पानावर लिहून, पाकिटात बंद करून, चित्रीकरणाआधी द्यावा. तोंडी परीक्षेत पाकीट उघडायचं आणि मग ट्रेलर बघायचा. जे पानावर आहे ते ट्रेलरमध्ये कुठं जाणवतं आणि कुठं मुद्दाम टाळलं आहे, एवढंच विचारायचं. ज्याच्याजवळ गुपित नाही त्याचं पाकीट लगेच कळतं. विभागानं सूचना ठेवून घेतली आहे. पुढचं त्यांच्या हातात.

या गटाला आम्ही 58 दिले, सहकाऱ्यांनी 70. सरासरी 64 लागली. जाताना ती संकलन करणारी मुलगी थांबली आणि म्हणाली, ‘सर, आजीच्या फोनचा शेवट लिहिला तर मग सगळा ट्रेलर परत कापायचा का?’ आम्ही म्हटलं, हो, आणि कोयता आधी काढा. ती म्हणाली, कोयता नाही काढणार, तो दारामागं टांगलेला दाखवते.