‘सर्व विमाने सुखरूप परतली’ : एका वाक्याची समीक्षा

व्याख्यानाआधी एका श्रोत्याने आम्हाला विचारले, ‘सर, आपल्या नंदुरबारहून एकही लढाऊ विमान उडत नाही. मग बाँबर स्क्वाड्रनवर व्याख्यान कशाला?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर शेवटी देऊ.

आज एका पुस्तकाची नव्हे, एका लेखनप्रकाराची समीक्षा करायची आहे. स्क्वाड्रनचा इतिहास, मोहिमेचा अहवाल, निवृत्त अधिकाऱ्यांच्या आठवणी, हे सगळे त्यात आले. या लेखनात एक वाक्य हटकून भेटते: सर्व विमाने सुखरूप परतली. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले, त्यामुळे वाक्य दिसले की त्यात काय धरले आहे आणि काय वगळले आहे, हे तपासायची खोड लागली आहे.

उदाहरण आपल्या जवळचेच घेऊ. 18 डिसेंबर 1961 ची सकाळ. पुण्याच्या लोहगाव तळावरून कॅनबेरा जातीची 12 विमाने गोव्याकडे निघाली. नेतृत्व विंग कमांडर एन. बी. मेनन यांचे. लक्ष्य होते दाबोळीचा विमानतळ. पुणे ते दाबोळी हवाई अंतर साधारण साडेतीनशे किलोमीटर. जेटला किती वेळ लागणार? अर्धा तास, फार तर थोडा अधिक. म्हणजे लोहगावला चहा घ्यायचा, गोव्यावर बॉम्ब टाकायचे आणि पुन्हा पुण्यात नाश्त्याला हजर. बाँबर स्क्वाड्रनचे दैनंदिन जीवन हे असे विचित्र असते. पायदळाचा जवान रणांगणावरच राहतो. बाँबरचा वैमानिक मात्र युद्धावर ‘जाऊन येतो’, कामावर जाऊन आल्यासारखा.

त्या पहिल्या हल्ल्यात काही मिनिटांत 63,000 पौंड वजनाचे बॉम्ब पडले. किलोमध्ये सांगायचे तर साडेअठ्ठावीस हजारांच्या घरात. नंतर विंग कमांडर सुरिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली 8 कॅनबेरांचा दुसरा हल्ला झाला. अनेक वर्णनांत छापलेले सापडते की धावपट्टी पूर्ण उद्ध्वस्त झाली. आता पुढची गोष्ट ऐका. त्याच रात्री त्या धावपट्टीचा काही भाग घाईघाईने दुरुस्त करून तिथे उभी असलेली दोन प्रवासी विमाने पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या कुटुंबीयांना घेऊन कराचीकडे उडून गेली!

मग ‘पूर्ण उद्ध्वस्त’ या शब्दांचे काय करायचे? कुणी म्हणेल, शौर्याच्या वर्णनात थोडी अतिशयोक्ती चालायचीच. आम्हाला ते मान्य नाही. या अतिशयोक्तीने स्क्वाड्रनचे भले होत नाही, नुकसानच होते. कसे ते पाहा. वैमानिकांना आदेश होता की धावपट्टी निकामी करा, पण विमानतळाच्या इमारती आणि सोयी शाबूत ठेवा. त्या शाबूत राहिल्या. उभी असलेली ती दोन विमानेही वाचली. उद्या हाच विमानतळ आपला होणार आहे, खालची माणसे आपली होणार आहेत, याचे भान त्या आदेशात होते. हजारो किलो स्फोटके हाताशी असताना कशावर टाकायची नाहीत हे पाळणे, हे त्या सकाळचे सर्वांत अवघड आणि सर्वांत अभिमानास्पद काम होते. ‘उद्ध्वस्त’ म्हणून गर्जना केली की नेमका हा संयमच झाकला जातो. लेखकाला वाटते आपण गौरव करतोय, आणि प्रत्यक्षात तो खरा गौरव खोडून टाकतो.

आता वाक्यातल्या दुसऱ्या शब्दाकडे येऊ: ‘विमाने’. परतली ती विमाने. माणसे कुठे आहेत? भारताकडच्या बी-आय-58 कॅनबेरात दोघे असत, वैमानिक आणि नॅव्हिगेटर. वैमानिकाला इजेक्शन सीट होती, नॅव्हिगेटरला नव्हती. तो बॉम्बफेकीच्या वेळी विमानाच्या नाकात पालथा पडून नेम धरायचा. विमान पेटले तर सरपटत दारापर्यंत यायचे आणि पॅराशूट घेऊन उडी मारायची, तेवढा वेळ मिळाला तर. सप्टेंबर 1965 मध्ये एका रात्री आपले एक कॅनबेरा पाडले गेले. वैमानिक इजेक्ट होऊन युद्धकैदी झाला. नॅव्हिगेटर गेला. एकाच विमानात, एकाच मोहिमेवर, दोन माणसांच्या जगण्याची शक्यता वेगवेगळी ठेवलेली! दोघे रोज एका मेसमध्ये जेवत असतील, तेव्हा ही गोष्ट त्या दोघांच्या मध्ये बसलेली असणारच. स्क्वाड्रनच्या दैनंदिन जीवनावर लिहिणाऱ्याने इथे थांबायला हवे. बहुतेक जण विमानाचा वेग आणि इंजिनाचे नाव सांगून पुढे जातात.

मोजणी हा या लेखनाचा प्राणच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश बाँबर कमांडच्या वैमानिकाची पहिली पाळी साधारण 30 मोहिमांची होती, आणि त्या दलातले 55,573 जण मेले. हे आकडे काळीज हलवतात. जोसेफ हेलर स्वतः 60 मोहिमा उडाला आणि त्याच्या ‘कॅच-22’ कादंबरीत मोहिमांचा हा आकडा पुढे पुढे सरकत राहतो. हेलरचे मोठेपण असे, की मोजणी करणाऱ्या यंत्रणेचेच त्याने हसे केले. पण आपली माणसे एकेक करून मोजणारे बहुतेक लेखन खालच्या माणसांशी येते तेव्हा ‘लक्ष्य’ एवढा एकच शब्द वापरते. लक्ष्याला घर नसते, नाव नसते.

आता त्या श्रोत्याच्या प्रश्नाकडे. 9 सप्टेंबर 1942 ला याच नंदुरबारात तिरंगा घेतलेल्या मुलांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती गेले. गोळीबाराच्या सरकारी भाषेत किती फैरी झाडल्या, जमाव कधी पांगला, एवढे पुरते. पण या गावाला ती पाच मुले नावांनी ठाऊक आहेत. शस्त्राच्या पुढच्या टोकाला कोण असते, हे नंदुरबारला कुणी शिकवावे लागत नाही. म्हणून बाँबर स्क्वाड्रनवरचे लेखन वाचायचा आणि तपासायचा अधिकार आपल्याला आहे.

यात वैमानिकांचा अवमान नाही. ती माणसे धैर्याची होती आणि दाबोळीला विवेकाचीही होती. आमची तक्रार त्यांच्यावर लिहिणाऱ्यांशी आहे. कॅनबेरा 2007 मध्ये निवृत्त झाले, 50 वर्षे सेवा करून. त्यात उडालेली अनेक माणसे आता आमच्याच वयाची किंवा आमच्याहून थोर आहेत. तुमच्या ओळखीत असा कुणी असेल तर त्याच्याजवळ बसा. किती बॉम्ब टाकले हे जरूर विचारा. त्यानंतर विचारा, काका, काय टाकायचे नाही असे सांगितले होते? आणि शेजारी कोण होते?

त्याची उत्तरे लिहून ठेवा. ‘सुखरूप’ या शब्दाचा अर्थ तेव्हा कुठे पुरा होईल.