तीन बाजूंचा प्रेक्षक

मराठी नाट्यसमीक्षेने संहितेचा विचार जितक्या आस्थेने केला, तितका ती ज्या जागेत उभी राहते त्या जागेचा केला नाही. नेपथ्याची नोंद होते, प्रकाशयोजनेविषयी एखादे वाक्य येते. पण प्रेक्षक कोठे बसला आहे आणि त्याला नटापलीकडे काय दिसते आहे, हा प्रश्न तांत्रिक मानून बहुधा सोडून दिला जातो. वस्तुतः हा प्रश्न अर्थनिर्णयाचा आहे. जुहूचे पृथ्वी थिएटर आणि तेथील पहिला प्रयोग यांच्या आधारे तो येथे मांडायचा आहे.

पृथ्वीराज कपूर यांची फिरती नाटक मंडळी १९४४ मध्ये सुरू झाली आणि १९६० मध्ये थांबली. त्याच नावाचे कायमचे नाट्यगृह शशी आणि जेनिफर कपूर यांनी १९७८ च्या नोव्हेंबरात सुरू केले. वास्तुरचना वेद सेगन यांची. आसने सुमारे दोनशे. दर्शनी कमान नाही, पडदा नाही. खेळाची जागा जमिनीलगत आणि तिच्या तीन बाजूंना चढत जाणाऱ्या रांगांमध्ये प्रेक्षक. कमानी रंगमंचावर नट उंचावर असतो आणि प्रेक्षक चौकटीतून एका चित्राकडे पाहतो. येथे नट खाली, प्रेक्षक वर. शिवाय बाजूच्या रांगेतल्या प्रेक्षकाला नटाच्या मागे रंगवलेला पडदा दिसत नाही. पलीकडे बसलेल्या दुसऱ्या प्रेक्षकांचे चेहरे दिसतात. नेपथ्यकाराची सोय त्यामुळे कमी होते. उंच भिंत किंवा मोठे फर्निचर ठेवले की कुणाची तरी दृष्टी अडते. म्हणून या रंगमंचावरचा पुष्कळसा भार शब्दावर आणि नटाच्या देहावर येतो.

येथला पहिला प्रयोग गो. पु. देशपांडे यांच्या 'उद्ध्वस्त धर्मशाळा'चा होता. तो हिंदीत झाला. ओम पुरी आणि नसीरुद्दीन शाह त्यात होते. मूळ मराठी नाटक १९७४ चे. डाव्या विचारांच्या एका प्राध्यापकाची विद्यापीठाची समिती चौकशी करते, आणि त्या प्रश्नोत्तरांतून त्याचे राजकारण व खासगी आयुष्य दोन्ही उघडे होत जाते. अशा नाटकात घटना थोड्या असतात, युक्तिवाद फार. कमानीच्या आत ही चौकशी आपण बाहेरून पाहतो. समिती आणि प्राध्यापक दोघेही 'तिकडे' असतात. तीन बाजूंनी वेढलेल्या जागेत मात्र चौकशीचा घेरा प्रेक्षकांपर्यंत वाढतो. उतरत्या रांगांतून खाली पाहणारा प्रेक्षक, इच्छा असो वा नसो, समितीचा वाढीव सदस्य होतो. आणि समोरचा प्रेक्षकही तसाच सदस्य झालेला त्याला दिसतो. संहितेतील एकही शब्द न बदलता नाटकाचा आशय येथे सरकतो.

यावर एक आक्षेप नेहमीचा आहे: हे आपल्या परंपरेत होतेच. पाथर्डी तालुक्यातल्या भगवानगडाच्या परिसरात सप्ताहाचे कीर्तन ऐकणाऱ्याला तिन्ही बाजूंच्या श्रोत्यांचे नावीन्य कसले? देवीचा गोंधळ अंगणात होतो, त्यालाही कमान नसते. हे खरे आहे. पण त्यावरून निघणारा निष्कर्ष घाईचा आहे. कीर्तनकाराभोवतीचे श्रोते एका श्रद्धेने आधीच बांधलेले असतात. तेथील जवळीक सहमतीकडे नेते, टाळ्या आणि नामघोष ही त्या सहमतीचीच रूपे. देशपांड्यांच्या प्राध्यापकाभोवतीचे प्रेक्षक एकमेकांशी सहमत असतीलच असे नाही. तेथील जवळीक न्याय करण्याची अडचण निर्माण करते. रचना सारखी असली तरी नाते वेगळे आहे. जागेचा आकार स्वतः प्रायोगिक नसतो. त्या आकारात संहिता प्रेक्षकाला कोणती भूमिका देते, त्यावर प्रायोगिकता ठरते.

याच कसोटीवर छबिलदास चळवळीकडेही पाहता येते. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात 'आविष्कार'ने जे घडवले, त्याला वास्तुविशारद नव्हता. पण खुर्च्या हलवता येत होत्या, आणि म्हणून प्रत्येक नाटकाला प्रेक्षकाशी आपले अंतर नव्याने ठरवता येत होते. पृथ्वीचे अंतर बांधकामातच ठरून गेले आहे. ही छबिलदासची श्रेष्ठता होती, आणि तीच त्याची दुर्बलताही: जागा उसनी होती. पुढे ती सुटली आणि संस्थेला माहीमच्या पालिका शाळेत जावे लागले. पृथ्वी स्वतःच्या जागेवर, विश्वस्त निधीच्या आधाराने टिकले. स्वातंत्र्य आणि स्थैर्य यांतले एकच मराठी प्रायोगिक रंगभूमीच्या वाट्याला आले, हे तिच्या इतिहासातले कठीण सत्य आहे.

तालुक्याच्या गावी नाटक करू पाहणाऱ्यांसाठी यातून निघणारी गोष्ट व्यवहाराची आहे. पाथर्डीसारख्या ठिकाणी कमानीचे नाट्यगृह हीच नाटकाची पूर्वअट मानली, तर प्रयोग अनुदानाची वाट पाहत राहील. शाळेचा वर्ग, मंगल कार्यालय, देवळाचा सभामंडप यांपैकी कोणतीही जागा चालेल. मात्र खुर्ची कोठे ठेवायची याचा निर्णय दिग्दर्शकाने संहिता वाचतानाच घ्यायला हवा. समीक्षकानेही प्रयोगाची नोंद करताना संवाद आणि अभिनय यांच्या आधी आपण कोठे बसलो होतो आणि समोर कोण दिसत होते, हे लिहावे. त्याशिवाय त्याने काय पाहिले, हे वाचकाला पुरते कळणार नाही.