बोथट टोकाची कात्री, उलटं घड्याळ

पनवेल एकेकाळी बैलगाडीच्या चाकांसाठी नावाजलेलं होतं. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरमध्ये चाकं बनवणं हाच इथला मुख्य धंदा म्हणून नोंदलेला आहे. घाटावरून उतरलेले गाडीवान परतताना इथून चाकांची जोडी घेऊन जात. चाक घेताना त्यावर किती भार पडणार आणि ते कुठल्या वाटेनं जाणार, हे गाडीवान आधी डोळ्यांपुढे आणत असणार. आता याच पनवेलच्या आसपास, कामोठ्याच्या एमजीएमसारख्या ठिकाणी, मुली आणि हल्ली मुलगेही नर्सिंगचं शिक्षण पुरं करतात. पहिल्या नेमणुकीचं पत्र हातात पडलं की मामा, आत्या, शेजारच्या काकू विचारात पडतात, हिला द्यायचं काय? साडी, मनगटी घड्याळ किंवा काचेच्या पेटीतला पितळी दिवा, यांपैकी काहीतरी ठरतं. माझं म्हणणं असं की हिला हिच्या कामाची अवजारंच द्यावीत आणि ती गाडीवानाच्या नजरेनं पारखून घ्यावीत. कारण या अवजारांच्या घडणीत जी कलाकुसर आहे, ती फार थोडे लोक पाहतात.

आधी कात्री. ड्रेसिंगची कात्री हातात घेऊन बाजूनं पाहा. तिची पाती मुठीच्या रेषेत नसतात, सांध्यापाशी कोन करून वळलेली असतात. खालचं पातं वरच्यापेक्षा किंचित लांब असतं आणि त्याच्या टोकाला चपटी, गुळगुळीत गोलाई असते. हे टोक बँडेजच्या आत, थेट कातडीला लागून सरकतं. कोनामुळे सिस्टरची बोटं रुग्णाच्या अंगापासून वर राहतात, तिला मनगट मुरडावं लागत नाही आणि धारेचं सगळं काम कातडीपासून दूर होतं. ही घडण जोसेफ लिस्टरच्या नावानं ओळखली जाते. हाच तो शल्यचिकित्सक, ज्यानं १८६५ मध्ये ग्लासगोत कार्बोलिक आम्ल वापरून जखमा चिघळण्यापासून वाचवल्या. कापण्यासाठीच घडवलेल्या वस्तूत सर्वांत जपून घडवलेला भाग न कापणारा असावा, हे मला या कात्रीचं खरं वैभव वाटतं.

घेताना मात्र चकाकीवर जाऊ नका. ओल्या गॉजचे दोन पदर धरून पात्यांच्या अगदी टोकानं कापून पाहा. चांगली कात्री शेवटच्या धाग्यापर्यंत स्वच्छ जाते. वाईट कात्री गॉज चावते, दुमडते, ओढते. त्या ओढीखाली उद्या कुणाची तरी ताजी जखम असणार आहे. कड्या इतक्या मोठ्या हव्यात की ग्लोव्ह घातलेली बोटं अडकणार नाहीत. लांबी साडेपाच इंचांची पुरे, याहून मोठी कात्री वाकताना खिशातून निसटते. आणि मुलगी डावखुरी आहे का, हे आधी विचारा. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात धरली की पाती एकमेकांवर दाबली जाण्याऐवजी फाकतात. डावखुऱ्यांसाठी वेगळी कात्री मिळते आणि ती मिळालेल्या माणसाचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

कॅज्युअल्टीत नेमणूक असेल तर दुसरी कात्रीही लागेल. द्रुतगती मार्ग कळंबोलीपाशी सुरू होतो, आणि अपघातातला माणूस स्ट्रेचरवर येतो तेव्हा त्याची जीन्स, पट्टा, कधी चामड्याचं जॅकेट क्षणात दूर करावं लागतं. त्यासाठी रुंद, प्लॅस्टिकच्या मुठीची, एका पात्याला बारीक दाते असलेली कात्री असते. दाते जाड कापड धरून ठेवतात, म्हणून ते पात्यांमधून घसरत नाही. टोकाची बोथट गोलाई मात्र हिलाही असते. कितीही घाई असली तरी रुग्णाच्या अंगाकडली बाजू बोथटच ठेवायची, हा नियम या दोन्ही कात्र्यांनी पाळला आहे.

वॉर्डातली कात्री हरवते, हे सगळ्या सिस्टर जाणतात. 'जरा दे गं' म्हणून नेलेली कात्री तीन वॉर्ड फिरून येते किंवा येतच नाही. यावर आपल्याकडे तयार उपाय आहे. भांड्यांच्या दुकानात तांब्या-पातेल्यांवर नाव घालून देणाऱ्या माणसाकडून कडीच्या बाहेरच्या अंगाला मुलीचं नाव घालून घ्यावं. कोरणं उथळ हवं आणि सांध्यापासून दूर हवं, खोल खाचेत घाण धरते. असं नाव ऑटोक्लेव्हच्या वाफेतही पुसलं जात नाही. भांड्यांवर आपण देणाऱ्याचं नाव घालतो. इथे तो मोह टाळावा. वस्तू तिच्या नावानं परत यायला हवी.

आता घड्याळ. मनगटी घड्याळाची भेट प्रेमाची असली तरी वॉर्डात बहुधा काढूनच ठेवावी लागते, कारण पट्ट्याखाली जंतू राहतात आणि तो असेल तर हात मनगटापर्यंत नीट धुता येत नाहीत. परिचारिकेचं घड्याळ छातीवर पिनेनं टांगलेलं असतं, आणि उलटं. समोरच्याला बारा खाली दिसतात. मान खाली घालणाऱ्या सिस्टरला ते सरळ दिसतात. नाडी मोजताना तिच्या एका हाताची बोटं रुग्णाच्या मनगटावर असतात आणि दुसरा हात मोकळा असतो. घड्याळ धरावं लागत नाही की वळवावं लागत नाही. नाडी घड्याळाशी जोडण्याची कल्पना जुनी आहे. १७०७ मध्ये सर जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्यानं नाडी मोजण्यासाठी बरोबर एक मिनिट चालणारं घड्याळ करवून घेतलं होतं. आजच्या घड्याळात त्याची जागा लाल सेकंदकाट्यानं घेतली आहे, म्हणून भेट निवडताना आधी तो काटा पाहा. तो ठसठशीत हवा आणि तबकडीच्या कडेच्या रेघांपर्यंत पोचणारा हवा. तबकडीवर नक्षी, फुलं, खडे काही नकोत.

या घड्याळाचा सर्वांत सुंदर उपयोग मात्र बाहेरच्याच्या लक्षात येत नाही. नाडी मोजून झाली तरी अनुभवी सिस्टर मनगट सोडत नाही. बोटं तिथेच ठेवून ती आता श्वास मोजत असते. आपला श्वास कुणी मोजतंय हे कळलं की माणसाचा श्वास बदलतो, म्हणून ते त्याला कळू द्यायचं नसतं. तिची नजर आपल्या छातीवरच्या घड्याळावरून रुग्णाच्या छातीवर जाते आणि परत येते. मान फिरत नाही, रुग्णाला वाटतं अजून नाडीच चालू आहे. टांगायची ती जागा या एका नजरेसाठीच निवडली असावी, असं वाटण्याइतकी ती अचूक आहे.

घड्याळाचा हाच सेकंदकाटा सलाईनलाही लागतो. साध्या सेटमधून वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. पाचशे मिलिलिटरची बाटली आठ तासांत जायची असेल तर मिनिटाला साधारण २१ थेंब, म्हणजे पंधरा सेकंदांत पाच. लहान मुलांच्या सेटमध्ये थेंब इतका बारीक केलेला असतो की साठ थेंबांचा एक मिलिलिटर व्हावा. परिणामी तासाला जितके मिलिलिटर द्यायचे, तितकेच मिनिटाला थेंब. तासाला तीस म्हणजे मिनिटाला तीस! नाईटच्या चौथ्या तासाला, थकलेल्या डोक्याला गुणाकार-भागाकार करावा लागू नये म्हणून कुणीतरी तो आधीच थेंबाच्या आकारात करून ठेवला आहे. उपकरणाच्या रचनेत इतकी माया क्वचित सापडते.

पितळी दिव्याबद्दल थोडं बोलायला हवं. शपथविधीला मुली हातात दिवा धरतात, तो प्रसंग गंभीर आणि देखणा असतो. पण फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५४ नंतर स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात रात्री फिरताना जो दिवा वापरत होत्या, तो चोच असलेला पितळी दिवा नव्हताच. तो तुर्की पद्धतीचा घडीचा कंदील होता. चुण्यांच्या पडद्यातून उजेड गाळला जाऊन, मऊ होऊन बाहेर पडे. मेणबत्तीची ज्योत वाऱ्यापासून जपली जाई आणि झोपलेल्या सैनिकाच्या डोळ्यांवर झगझगीत उजेड येत नसे. कपाटात ठेवायची प्रतिकृती देण्यापेक्षा त्या कंदिलाचा आजचा वारस द्यावा, तो म्हणजे पेनाएवढा टॉर्च. त्याच्या अंगावर दोन मिलिमीटरपासून पुढे काळ्या वर्तुळांची ओळ छापलेली असते, डोळ्याच्या बाहुलीचा आकार तिच्याशी ताडून पाहायचा. उजेड पिवळसर, उबदार हवा. निळसर-पांढरा प्रखर एलईडी डोळ्यांना त्रास देतो. प्रकाश समोरून भपकन मारायचा नसतो, कानाच्या बाजूनं डोळ्यावर आणायचा असतो. आणि रात्री अख्ख्या वॉर्डाची ट्यूबलाइट न लावता सलाईनचे थेंब मोजायलाही हाच टॉर्च उपयोगी पडतो. शेजारच्या कॉटवरच्या आजींची झोप शाबूत राहते.

स्टेथोस्कोप महाग, म्हणून चार जणांनी मिळून द्यावा. १८१६ मध्ये पॅरिसमध्ये रेने लेनेकनं कागदाची गुंडाळी करून छातीला लावली, तिथून हा प्रवास सुरू झाला. चांगल्या स्टेथोस्कोपची ओळख कानापासून करावी. कानात जाणाऱ्या नळ्या किंचित पुढे, नाकाच्या दिशेला झुकलेल्या असतात, कारण आपली कर्णनलिका त्याच दिशेनं आत जाते. उलटा घातला तर ऐकू कमी येतं आणि दोष यंत्राला दिला जातो. छातीवर टेकणाऱ्या धातूभोवती रबराची कड आहे का, तेही पाहा. वातानुकूलित खोलीत थंडगार धातू टेकला की रुग्ण दचकतो. नळी उघड्या मानेवर घालून फिरू नये, त्वचेच्या तेलानं ती कालांतरानं कडक होते. कॉलर वर करून त्यावर घालावी.

चार रंगांचं पेन स्वस्त आहे आणि अतिशय गुणी आहे. अनेक रुग्णालयांत दिवसाच्या नोंदी निळ्या शाईनं आणि रात्रीच्या लाल शाईनं करतात, त्यामुळे केसपेपर उलटताना रात्र कुठे सुरू झाली ते न वाचताच दिसतं. पेनाबरोबर खिशात मावणारी, पुठ्ठ्याच्या कडक पाठीची स्पायरल वही द्यावी. पाळी बदलताना ओव्हर, म्हणजे रुग्णांची माहिती, घेताना टेबल मिळत नाही, तळहातावर ठेवूनच लिहावं लागतं.

या वहीत देणाऱ्यानं स्वतःच्या हातानं काही पानं भरून दिली तर तिच्या तोडीची भेट नाही. पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात कातकरी आणि ठाकर वाड्यांवरून माणसं येतात, नव्या पनवेलच्या इमारतींतून येतात, आणि सिस्टर कित्येकदा केरळातून आलेली असते. तिला 'दुखतं' एवढं मराठी येतं. पण रुग्ण सांगतो ते निराळंच. कुणाला कळ येते, कुणाचं ठणकतं, कुणाला चमक भरते, पोटात मुरडा पडतो, गोळा येतो, छातीवर दडपण येतं, पायाला मुंग्या येतात, लघवीला जळजळ होते. यांतली प्रत्येक तक्रार डॉक्टरला वेगळी दिशा दाखवते. ठणका गळवाकडे बोट दाखवतो, मुरडा आतड्याकडे, आणि दडपण ऐकलं की सिस्टर ईसीजीची ट्रॉली ओढायला धावते. हे शब्द तिच्या लिपीत, अर्थासह, नेटक्या अक्षरात उतरवून दिलेली वही कुठल्याही दुकानात मिळणार नाही.

आतापर्यंतच्या सगळ्या वस्तू रुग्णाची काळजी वाहणाऱ्या. जी काळजी वाहते तिच्या हातापायांचं काय? हात दिवसभर धुतले जातात, सॅनिटायझरनं चोळले जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सॅनिटायझरच्या कृतीत ८० टक्के इथेनॉलबरोबर १.४५ टक्के ग्लिसरॉल आहे. हे ग्लिसरॉल जंतू मारत नाही, ते केवळ वापरणारीच्या कातडीसाठी घातलेलं आहे. त्या दीड टक्क्यापुढची जबाबदारी भेट देणाऱ्यानं घ्यावी आणि चांगलं हँडक्रीम द्यावं. ते बिनवासाचं हवं, कारण केमोथेरपीच्या रुग्णाला अत्तराचा वासही मळमळवतो. ते व्हॅसलीनसारखं तेलकटही नको, खनिज तेलानं लॅटेक्सचे ग्लोव्ह कमकुवत होतात.

आणि बूट. पुढून पूर्ण बंद, पाणी न शोषणारे, पुसून स्वच्छ होणारे, न घसरणाऱ्या तळव्याचे. कापडी बुटातून खाली पडलेली सुई आरपार जाऊ शकते. चालताना तळवा चुकचुकत नाही ना, हे दुकानाच्या फरशीवर चालून पाहावं, रात्रीच्या वॉर्डात तो आवाज फार मोठा होतो. खरेदी संध्याकाळी करावी, कारण तोवर पाय थोडे सुजलेले असतात आणि ड्युटीवर पायांची अवस्था तीच असणार आहे. पनवेलच्या पावसात एक जोडी पुरत नाही. स्टेशनावरून रुग्णालयापर्यंत चिखल तुडवत आलेला बूट वॉर्डात नेता येत नाही, म्हणून कोरडी जोडी लॉकरमध्ये हवी.

बुटाच्या आतल्या वस्तूकडे मात्र कुणाचंच लक्ष जात नाही. गुडघ्यापर्यंतच्या दाबाच्या मोज्यांची वीण घोट्यापाशी सर्वांत घट्ट असते आणि वर जाताना पायरीपायरीनं सैल होत जाते, म्हणजे पायात साचू पाहणारं रक्त वरच्या दिशेला ढकललं जातं. आठ-दहा तास उभं राहणाऱ्या पोटरीला हा आधार संध्याकाळी कळतो. निरोगी पायांसाठी १५ ते २० मिलिमीटर पाऱ्याचा सौम्य दाब पुरतो. मोजे झोपेतून उठल्या उठल्या, पायांवर सूज चढण्याआधी घालायचे. नाईट असेल तर दुपारची झोप झाल्यावर. साइझ बुटाच्या नंबरावरून ठरत नाही, घोटा आणि पोटरी यांचा घेर मोजपट्टीनं मोजून ठरते. त्यामुळे ही एक भेट गुपित ठेवता येणार नाही, माप घ्यायला तिला आधी विचारावंच लागेल.