खिशांतला शिक्षक आणि मुलांची भाषा

शाळेंत मोबाईल असावा कीं नसावा, हा वाद आपल्याकडे हल्लीं फार जोरांत चालला आहे. परंतु त्याच्या योगें भाषा शिकविली जाते ती कशी, हें तपासून पाहण्याची तसदी दोहोंपैकीं कोणताही पक्ष घेतांना दिसत नाहीं. फ्रान्सनें २०१८ सालीं प्राथमिक व कनिष्ठ माध्यमिक शाळांत मोबाईलच्या वापरास कायद्यानें मनाई केली, हें बंदीचे पुरस्कर्ते आवर्जून सांगतात; त्याच कायद्यानें शिक्षणाच्या कामापुरती मोकळीक ठेविली आहे, हें सांगावयास मात्र ते विसरतात. ग्रंथावर मत द्यावयाचें तर तो आधीं वाचावा लागतो. तोच न्याय आम्ही येथें दोन प्रयोगांस लावूं इच्छितों.

पहिला प्रयोग बांगला देशांतला. 'इंग्लिश इन ॲक्शन' ही योजना तेथें ब्रिटिश सरकारच्या अर्थसाहाय्यानें २००८ सालीं सुरू झाली. ज्यांच्या कानांवर इंग्रजी क्वचितच पडलें त्यांनींच तें शिकवावयाचें, ही अडचण आपणांसही परकी नाहीं. योजनेनें मोबाईल दिला तो विद्यार्थ्याच्या नव्हे, तर शिक्षकाच्या हातीं. संवाद, गाणीं आणि प्रत्यक्ष वर्गांतील पाठांच्या चित्रफिती मेमरी कार्डांत भरलेल्या, आणि सोबत एक लहानसा स्पीकर. त्यामुळें इंटरनेट नसलेल्या खेड्यांतही काम अडत नसे. वर्गानें ऐकावें आणि मग शिक्षकाबरोबर बोलावें, असा हा क्रम होता.

दुसरा प्रयोग गूगलचा. २०१९ सालीं 'बोलो' या नांवानें तो भारतांत हिंदी व इंग्रजीसाठीं आला. पुढें 'रीड अलाँग' हें नांव घेऊन त्यांत मराठीही आली. मूल गोष्ट मोठ्यानें वाचतें, यंत्र ऐकतें, अडखळल्यास शब्द उच्चारून दाखवितें आणि जमल्यास तारे देतें. यांतील गुण मोकळ्या मनानें मान्य केला पाहिजे. भरलेल्या वर्गांत प्रत्येक मुलाचें वाचन रोज ऐकावयास गुरुजींस सवड कोठून मिळणार? शिवाय येथें लाजऱ्या मुलास हंसणारें कोणी नसतें.

मराठीस तर कानाची गरज विशेषच आहे. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे पाण्याचें भांडें. लेखन एक, उच्चार दोन. च, ज आणि झ यांचे हे दुहेरी उच्चार आपली लिपि दाखवीत नाहीं. छापील पुस्तक जेथें मुकें होतें, तेथें मोबाईल बोलतो. परंतु कोणता उच्चार कोठें करावयाचा, हें अखेर अर्थावरूनच ठरतें. आणि तारा मिळतो तो छापलेला शब्द उच्चारल्याबद्दल.

आमच्या शेजारची दुसरींतली मुलगी अशाच एका साधनावर गोष्ट वाचीत होती. तींत 'आजीचे जाते' असे शब्द आले. ते तिनें बिनचूक वाचले. जवळ बसलेल्या तिच्या आजीनें सहज विचारलें, "जाते म्हणजे काय ग?" मुलगी म्हणाली, "आजी कुठंतरी जाते!" तेव्हां आजीनें तिला जवळ घेतलें, तिचा हात हातांत धरून दळण्याचा अभिनय केला आणि एक ओवी म्हटली. मुलीला ती इतकी आवडली कीं तिनें ती त्याच मोबाईलवर ध्वनिमुद्रित केली व दुसऱ्या दिवशीं आपल्या बाईंच्या मदतीनें वर्गास ऐकविली.

आमच्या मतें मोबाईलचा उत्तम उपयोग हा होय. उच्चाराची तालीम त्यानें खुशाल द्यावी. घरांतली बोली वर्गांत आणावी. परंतु शब्दामागचें जग दाखवावयास आजी लागते, बाई लागतात. बांगला देशांतील योजकांनीं शिक्षकास मध्यें ठेविलें, यांत त्यांचा शहाणपणा दिसतो. असें साधन पुढें आलें म्हणजे शाळांनीं व पालकांनीं एवढेंच पाहावें कीं, त्याच्या योगें मूल माणसांशीं अधिक बोलूं लागतें कीं कमी. आणि गोष्ट वाचून झाल्यावर मोबाईल बाजूस ठेवून मुलास म्हणावें, "आतां तूं सांग." त्याच्या सांगण्यावरून त्यास भाषा किती आली तें कळेल.