गौरवाचा भार आणि टिळकांची लीनता

मराठी बायबलात देवाच्या तेजासाठी व थोरवीसाठी ‘गौरव’ हा शब्द रूढ झाला. निवड नकळत नेमकी ठरली असावी. गुरु म्हणजे जड, त्यावरून गौरव. आणि जुन्या करारातील हिब्रू ‘कावोद’ या शब्दाचे मूळही वजनातच आहे. देवाचा महिमा भारासारखा अंगावर येतो आणि मान आपसूक खाली जाते, हा अर्थ दोन्ही भाषांत दडलेला आहे.

कुरुंदवाडकरांना हे वेगळे सांगायला नको. पलीकडे नरसोबाच्या वाडीत पावसाळ्यात कृष्णा चढते, पादुकांवरून वाहत दक्षिणद्वारातून बाहेर पडते, आणि त्या पाण्यात स्नानासाठी रीघ लागते. या मुलखातली भक्ती पायांपाशी उभी राहते. १८५२ मध्ये अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले तेव्हा त्यांचे श्रोते चरण, दास, शरण हे शब्द सोबत घेऊनच समोर बसले होते.

या शब्दांना ख्रिस्ती उपासनेत खरा सूर दिला तो रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. समीक्षकांनी हे वाक्य फारच सोयीचे करून घेतले आहे. टिळक म्हणजे ख्रिस्ती वेषातले तुकाराम, असे म्हटले की पुढचे वाचन थांबते.

फरक कुठे आहे? योहानाच्या शुभवर्तमानात येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. इथे भक्ताच्या आधी देवच वाकला आहे. ही कल्पना मराठीला नवी होती, असा दावा कुणी करील. तो टिकत नाही. जनाबाईसोबत दळणारा विठ्ठल आणि एकनाथांच्या घरी पाणी भरणारा श्रीखंड्या आपल्या ओळखीचे आहेत. टिळकांच्या ख्रिस्ताला इथे जमीन नांगरून मिळाली होती. विठ्ठल भक्ताच्या लळ्याने राबतो. येशू मात्र ज्याने दगा द्यायचे ठरवले आहे त्याचेही पाय धुतो. हा बोचणारा तपशील ज्या रचनांत जिवंत आहे, त्या टिळकांच्या उत्तम रचना. बाकीच्यांत स्वतःला पतित, पामर म्हणण्याचा सराव दिसतो. तिथे लीनता दागिन्यासारखी घातलेली वाटते.

आता अवघड भाग. टिळक चित्पावन. वरून खाली उतरणे ही त्यांच्यासाठी निवड होती. पण नगर जिल्ह्यात ज्यांच्यासोबत ते उपासनेला बसत, त्यांतले पुष्कळजण महार-मांग कुटुंबांतून आलेले. गावाने त्यांना पिढ्यान्‌पिढ्या वाकायला लावले होते. ‘जोहार मायबाप’ हा त्यांच्या रोजच्या अभिवादनाचा भाग होता. ‘मी तुझा दास’ ही एकच ओळ या दोन तोंडांतून सारखी कशी उमटेल? एकाला ती अहंकार सोडायला सांगते. दुसऱ्याला, नीट ऐकली तर, ती पाटलापुढे वाकण्यातून सोडवते: दास एकाचाच, म्हणून बाकी कुणाचा नाही. नीट ऐकली नाही, तर मात्र तीच ओळ जुने जोखड देवाच्या नावाने पुन्हा मानेवर ठेवते. मिशनच्या आवारातही साहेबापुढे वाकण्याची सवय होतीच, हे विसरू नये.

टिळकांना ही अडचण जाणवली असावी, असे मला त्यांच्या शेवटच्या वर्षांवरून वाटते. १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला; परदेशी मिशनच्या चौकटीबाहेर, बाप्तिस्मा झालेल्या-न झालेल्या सर्वांसाठी. १९१९ मध्ये ते गेले आणि तो प्रयोग फार वाढला नाही.

या प्रश्नाचा अधिक खरा पुरावा गद्यात सापडतो. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त सोवळेओवळे सुटत जाण्याची हकीगत आहे, विनोदाने सांगितलेली, कुठेही ‘मी पामर’ असा सूर नसलेली. तिथे नम्रता शब्दांत नाही, कुणाच्या हातचे पाणी प्यायले जाते त्यात आहे.