राजीनाम्याची भाषा : वर्धा ते वेलिंग्टन स्क्वेअर

'राजीनामा' हा शब्द हिंदी वाचकाला एका गावी नेतो आणि मराठी वाचकाला दुसऱ्या. हिंदी कोर्टकचेरीत राजीनामा म्हणजे तडजोड, दोन्ही पक्ष राजी झाल्याचा कागद. मराठीत राजीनामा म्हणजे पद सोडल्याचा कागद; हिंदी-उर्दू त्याला 'इस्तीफा' म्हणते, बंगाली 'पदत्याग' किंवा 'इस्तफा'. आपल्याकडे हा अर्थ महसुली दप्तरातही मुरलेला आहे. मुंबई इलाख्यात जमीन सोडणारा खातेदार राजीनामा लिहून देई आणि ती घेणारा कबुलायत. दोन्ही कागद जोडीने येत, म्हणून 'राजीनामा-कबुलायत' असा जोडशब्दच रूढ झाला. आपण राजी आहोत हे सोडणाऱ्याने स्वतःच्या सहीने सांगायचे. तो खरोखर राजी आहे का, हे कागद विचारत नाही.

सुभाषचंद्र बोस यांच्या समग्र वाङ्मयाचा नववा खंड कोलकात्यात वाचत असताना हा शब्द माझ्या मनातून हलेना. नेताजी रिसर्च ब्यूरोने काढलेल्या या खंडात जानेवारी १९३८ ते मे १९३९ या काळातली, म्हणजे काँग्रेसच्या अध्यक्षपदावरची, त्यांची भाषणे, लेख आणि पत्रे आहेत. इतिहासकारांनी ही सामग्री भरपूर वापरली आहे. गांधी बरोबर की सुभाष, हा वाद तिच्यावरच पोसला गेला. तो वाद मी बाजूला ठेवतो. हे कागद मला एका वाङ्मयप्रकाराचे नमुने वाटतात. सत्ताधारी पक्ष आपल्याच नेत्याला 'आता बाजूला व्हा' हे तसे न म्हणता कसे सांगतो, तो हा प्रकार. 'सत्ताधारी' हा शब्द मी जाणून वापरतो आहे. १९३९च्या सुरुवातीला ब्रिटिश हिंदुस्थानातल्या अकरांपैकी आठ प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे होती. बंगाल त्यांत नव्हता, हेही लक्षात ठेवायला हवे.

घटना थोडक्यात सांगतो. २९ जानेवारी १९३९ रोजी सुभाषबाबू दुसऱ्यांदा अध्यक्ष निवडून आले. त्यांना १५८० मते पडली, पट्टाभि सीतारामय्यांना १३७७. हा पराभव पट्टाभींपेक्षा आपला अधिक आहे, असे निवेदन गांधीजींनी काढले. २२ फेब्रुवारीला वर्ध्याला कार्यकारिणी जमली तेव्हा अध्यक्ष आजारी होते. बारा सदस्यांनी एकत्र राजीनामे दिले. त्यांत आपले शंकरराव देवही होते. जवाहरलाल नेहरूंनी वेगळे निवेदन काढले. मार्चमध्ये जबलपूरजवळ त्रिपुरीला अधिवेशन भरले. तापाने फणफणलेल्या अध्यक्षांना स्ट्रेचरवरून आणावे लागले आणि त्यांचे भाषण थोरल्या भावाने, शरदबाबूंनी, वाचून दाखवले. तिथे संयुक्त प्रांताचे मुख्यमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी एक ठराव मांडला आणि तो मंजूर झाला.

या प्रकारातली सर्वांत कसबी रचना म्हणजे हा पंत-ठराव. जुन्या कार्यकारिणीवर त्यात विश्वास व्यक्त केला आहे. तिच्या सदस्यांवर शिंतोडे उडवले गेले याबद्दल खेद आहे. संघराज्याच्या योजनेवर काही ज्येष्ठ नेते तडजोड करतील, या सुभाषबाबूंच्या संशयाचा हा संदर्भ. आणि शेवटी अध्यक्षांना विनंती आहे की नवी कार्यकारिणी त्यांनी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी. अध्यक्षांनी जावे असे एकही वाक्य सांगत नाही. अविश्वास हा शब्दही नाही. अध्यक्ष राहतात, अधिकार राहतो, फक्त अधिकाराचा कर्ता बदलतो. नेमणार सुभाष, इच्छा दुसऱ्याची.

पुढचा पत्रव्यवहार वाचताना या वाक्याची खरी धार कळते. धनबादजवळ भावाकडे विश्रांतीला गेलेले सुभाषबाबू गांधीजींना पत्रांमागून पत्रे आणि तारा पाठवतात : तुमची इच्छा सांगा. १० एप्रिलच्या पत्रात गांधीजी उत्तर देतात की पंतांच्या ठरावाचा अर्थ आपल्याला लावता येत नाही, जितका वाचावा तितका तो नापसंत होतो. तुम्ही तुमचा अर्थ लावा, तुमची कार्यकारिणी नेमा, मी तुमच्यावर माणसे लादणार नाही. गांधीजींच्या बाजूने पाहिले तर हे अहिंसेच्या विचाराला धरूनच आहे; मतभेद मूलभूत आहेत तर मिश्र समिती हा दंभ ठरेल, हे त्यांचे म्हणणे प्रामाणिक आहे. पण ठराव आणि पत्र शेजारी ठेवून वाचले की पेच दिसतो. ठरावाने अध्यक्षाला ज्या इच्छेशी बांधले, ती इच्छाच आपल्याला नाही असे तिचा धनी म्हणतो. पत्राने दिलेले स्वातंत्र्य वापरावे तर ठराव मोडतो, ठराव पाळावा तर पाळण्यासारखे काही हाती नाही. एवढ्या सभ्य भाषेत एवढी घट्ट गाठ मी दुसऱ्या कुठल्या राजकीय पत्रव्यवहारात वाचलेली नाही.

सुभाषबाबूंचे गद्य या गाठीशी कसे झुंजते? नेहरूंना २८ मार्चला लिहिलेले पत्र २७ टंकलिखित पानांचे आहे. पुढे नेहरूंनीच ते आपल्या जुन्या पत्रांच्या संग्रहात छापले, ही त्यांची दिलदारी. वाङ्मय म्हणून ते पत्र मला फसलेले वाटते. त्यात हिशेब आहे, उलटतपासणी आहे, दुखावलेल्या स्नेहाची कडवट मोजदाद आहे. वकिलाने मित्राला लिहावे तसे ते झाले आहे. गांधीजींना लिहिलेली पत्रे त्याहून सरस. त्यांत तापातला माणूस एकेक पर्याय मांडतो, खोडतो आणि पुन्हा मांडतो. हिंदी अर्थाचा राजीनामा व्हावा म्हणून चाललेली ती धडपड आहे. सोदपूरच्या आश्रमात एप्रिलअखेर गांधीजींशी समक्ष बोलणे झाले, तेही निष्फळ ठरले. २९ एप्रिलला कोलकात्याच्या वेलिंग्टन स्क्वेअरवर, आजच्या राजा सुबोध मल्लिक स्क्वेअरवर, अखिल भारतीय काँग्रेस कमिटीसमोर जे झाले तो मराठी अर्थाचा राजीनामा होता.

त्या दिवशीचे निवेदन हा खंडातला सर्वांत चांगला मजकूर. ते लहान आहे. आपण अध्यक्ष म्हणून इथे असणे हाच वाटेतला अडथळा ठरत असेल, असे म्हणून आणि सहकार्याच्या भावनेने आपण पद सोडत आहोत असे सांगून ते थांबते. २७ पानांचा माणूस इथे एकही आरोप करत नाही. नेहरूंनी राजीनामा मागे घेण्याचा ठराव मांडला, पण जुनीच कार्यकारिणी पुन्हा नेमावी ही अट त्यात होतीच. सुभाषबाबू बधले नाहीत. त्याच बैठकीत राजेंद्रप्रसाद अध्यक्ष निवडले गेले. राजीनाम्याच्या जोडीने कबुलायतही झाली. बाहेर कोलकात्याची गर्दी खवळली होती आणि नेत्यांना धक्काबुक्की झाली. गर्दीची भाषा आणि निवेदनाची भाषा यांतले हे अंतर रवींद्रनाथांनी हेरले असावे. चिथावणीच्या प्रसंगी राखलेल्या प्रतिष्ठेबद्दल आणि संयमाबद्दल त्यांनी सुभाषबाबूंना अभिनंदनाचा संदेश पाठवला.

इथवर मराठी वाचक सुभाषबाबूंच्या बाजूने झुकलेला असतो. मीही झुकतो. म्हणूनच याच खंडाच्या काळातले दुसरे प्रकरण त्याच्या शेजारी ठेवायला हवे, आणि ते आपल्या अंगणातले आहे. जुलै १९३८मध्ये मध्य प्रांताचे मुख्यमंत्री नागपूरचे डॉ. ना. भा. खरे यांनी महाकोशलच्या सहकारी मंत्र्यांशी बेबनाव झाल्यावर गव्हर्नरकडे राजीनामा दिला. रविशंकर शुक्ल आणि त्यांच्या दोन साथीदारांनी राजीनामा द्यायला नकार दिला, तेव्हा गव्हर्नरने त्यांना बडतर्फ केले आणि खऱ्यांनी त्यांना वगळून नवे मंत्रिमंडळ बनवले. कार्यकारिणी वर्ध्याला बसली. खऱ्यांना पायउतार व्हावे लागले, जबाबदारीचे पद सांभाळायला ते अपात्र ठरल्याचा ठराव झाला आणि शुक्ल नेते झाले. या कार्यकारिणीचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस.

त्या प्रकरणातला सर्वांत बोलका कागद सेगावचा. गांधीजींसमोर खऱ्यांच्या निवेदनाचा मसुदा झाला, गांधीजींनी त्यात दुरुस्त्या सुचवल्या आणि खऱ्यांनी सही करायचे नाकारले. आपल्या जाण्याचे शब्दही आपले नसावेत, हे त्यांना सोसवले नाही. पुढे त्यांनी 'माय डिफेन्स' नावाची इंग्रजी पुस्तिका काढली. नावापासूनच ती आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलते. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये उत्तर दिले : काँग्रेस ही लढणारी संघटना आहे आणि लढणाऱ्यांना शिस्त हवी. १९३८मध्ये सुभाषबाबू या शिस्तीच्या शिखरावर होते. तिचा अर्थ पायथ्याशी कसा लागतो हे त्यांना नऊ महिन्यांनी कळले. ऑगस्ट १९३९मध्ये त्यांनाही तीन वर्षांसाठी निवडणुकीच्या पदांना अपात्र ठरवण्यात आले. 'अपात्र' हा तोच शब्द पुन्हा आला.

दोन्ही प्रकरणे सारखी आहेत असे मात्र मी म्हणणार नाही. फरक कागद कोणाच्या नावे लिहिला यात आहे. खऱ्यांचा राजीनामा गव्हर्नरच्या नावे होता, म्हणजे पक्षातला तंटा त्यांनी साम्राज्याच्या दारात नेला. सुभाषबाबूंचा राजीनामा आपल्याच प्रतिनिधींच्या नावे होता. जून २०२२मध्ये उद्धव ठाकरे यांनी मुख्यमंत्रिपद सोडल्याचे फेसबुक लाइव्हवर सांगितले. राजभवनाआधी ते बघणाऱ्यांच्या नावे झाले. राजीनाम्याचा पत्ता वाचला की तो देणारा स्वतःला कोणाला बांधील मानतो ते कळते.

मराठीत हा विषय म्हटला की अरुण साधू आठवतात. 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या कादंबऱ्या आणि त्यांवरचा, तेंडुलकरांनी लिहिलेला जब्बार पटेलांचा १९७९चा चित्रपट यांनी मुख्यमंत्र्याची खुर्ची आणि तिच्यावर डोळा ठेवून असलेला अर्थमंत्री यांचे जे चित्र उभे केले, ते पुसून आपण राजकारणाकडे पाहूच शकत नाही. पत्रकार दिगू टिपणीस सगळे पाहतो; त्याच्याबरोबर आपल्यालाही बोलण्यामागचे गणित दिसू लागते. शब्द खोटे, आकडे खरे. ही दृष्टी तीक्ष्ण आहे. पण तिने मराठी वाचकाला एक सवय लावली : राजकारण्याचे वाक्य आले की ते बाजूला सारून आमदार मोजायचे. १९३९च्या कागदांपुढे ही सवय लुळी पडते. आकडा सुभाषबाबूंच्या बाजूने होता. १५८० हा १३७७पेक्षा मोठाच. त्यांना हरवले ते वाक्यांनी, आणि ती लिहिणाऱ्यांचा आपल्या वाक्यांवर विश्वास होता. गांधीजी ढोंग करत नव्हते, पंत कदाचित करत असतील, नेहरू स्वतःशीच भांडत होते. अशा, स्वतःवर विश्वास असलेल्या दडपणाचे चित्रण मराठी राजकीय कादंबरीला अजून साधलेले नाही असे मला वाटते. आपल्याकडे कारस्थानी माणूस उत्तम रंगतो. दुसऱ्याची खुर्ची सद्‌भावनेने काढून घेणारा रंगत नाही.

म्हणून माझे सांगणे एवढेच की वेलिंग्टन स्क्वेअरचे निवेदन आणि खऱ्यांची पुस्तिका एकाच टेबलावर ठेवून वाचा, आणि पंत-ठराव मधोमध ठेवा. एकाने सोसलेले आणि त्यानेच आदल्या वर्षी दुसऱ्याला सोसायला लावलेले, दोन्ही त्या एका विनंतीच्या वाक्यात सापडतील. त्यानंतर कुठल्याही पक्षाच्या ठरावात 'विश्वास', 'इच्छा' आणि 'विनंती' हे तीन शब्द एका ओळीत आले, तर खुर्ची कोणाची हलते आहे ते विचारायला बातमीदाराची गरज उरणार नाही.