शेवट फुटला तर फुटू दे

2017 साली 'इत्तेफाक' नव्याने निघाला तेव्हा निर्मात्यांनी प्रसिद्धीला फाटा दिला आणि प्रेक्षकांना हात जोडले: शेवट कुणाला सांगू नका. तेव्हापासून हे सोवळं वाढतच चाललंय. कुठल्याही खूनकथेबद्दल बोलायला तोंड उघडलं की समोरचा कानांवर हात ठेवतो. मला याचा वीट आलाय, म्हणून इथे शेवट सांगितले जातील. ज्यांना चालत नसेल त्यांनी पान उलटावं.

मूळ 'इत्तेफाक' 1969चा, यश चोप्रांचा. गाणं एकही नाही. पावसाची रात्र, एक बंगला, बायकोच्या खुनाचा आळ घेऊन वेड्यांच्या इस्पितळातून पळालेला राजेश खन्ना आणि घरात एकटी नंदा. त्याला न्हाणीघरात तिच्या नवऱ्याचं प्रेत दिसतं. पुन्हा बघावं तर तिथे काहीच नाही. तो वेडाच ठरलेला, त्यामुळे भास झाला म्हणणं तिला किती सोपं! नवऱ्याचा काटा तिने आणि तिच्या पोलीस प्रियकराने मिळून काढलाय. आता एवढं माहीत असताना सिनेमा लावा आणि फक्त नंदाकडे बघा. पहिल्या खेपेला भेदरलेली वाटलेली बाई आता क्षणाक्षणाला हिशेब करताना दिसते. भीती तीच, पण कशाची ते बदललं. सोज्वळ धाकट्या बहिणीच्या भूमिकांनी ओळखली जाणारी नंदा इथे घेण्यात निम्मी दिशाभूल होती. उरलेली निम्मी तिने अभिनयाने केली.

'बीस साल बाद', 'कोहरा', 'गुमनाम': धुकं, मेणबत्त्या आणि गाणी. गाणी ऐकावीत. 'हा खेळ सावल्यांचा'बद्दलही माझं तेच मत. 'तीसरी मंझिल'मधला खुनी निम्म्या लोकांना आठवत नाही, आरडी सगळ्यांना आठवतो.

राजा परांजप्यांचा 'पाठलाग' (1964) आणि त्यावरून निघालेला राज खोसलांचा 'मेरा साया' (1966) मात्र असे सोडता येत नाहीत. जिला अग्नी दिला तिच्याच चेहऱ्याची बाई आरोपीच्या पिंजऱ्यात उभी आहे, आणि वकील नवऱ्याला त्या दोघांनाच ठाऊक असलेल्या गोष्टी ऐकवतेय. 'मेरा साया'त उत्तर काय, तर जुळी बहीण! याच खोसलांनी 'वह कौन थी'मध्येही साधनाला जुळी बहीण दिली होती. इतकं फुसकं उत्तर असून सिनेमा उभा राहतो, कारण आपण उत्तरासाठी बसलेलो नसतो. नवरा झालेल्या सुनील दत्तचा नकार कुठल्या वाक्याला ढिला पडतो ते बघत बसलेलो असतो.

आजच्या आठ-आठ भागांच्या मालिकांना हेच नकोय. सात भाग कॅमेरा एखाद्याच्या खांद्यावर बसून हिंडतो, त्याचं रडणं-झोपणं दाखवतो, आणि आठव्यात कळतं की खुनी तोच. म्हणजे त्याला माहीत होतं, लेखकाला माहीत होतं, फक्त आमच्यापासून लपवलं. याला रहस्य नाही, लबाडी म्हणतात. अशा मालिकेचा शेवट फुटला की तिच्यात काही उरत नाही, हे तिच्या कर्त्यांनाही ठाऊक असतं. हात जोडतात ते त्यासाठी.

निशिकांत कामतच्या 'दृश्यम'ने (2015) खून लपवला नाही. कुणी केला, का केला, सगळं डोळ्यांसमोर. तरी गोव्यातला तो केबलवाला आणि त्याचं कुटुंब पोलिसांपुढे पढवलेली जबानी म्हणू लागलं की आपण खुनाच्या बाजूने देव पाण्यात ठेवतो. प्रेत नव्या पोलीस ठाण्याखाली आहे हे कळूनही लोक तो पुन्हा पुन्हा बघतात. श्रीराम राघवनच्या 'अंधाधुन'मध्ये (2018) पुण्यातल्या एका फ्लॅटमध्ये प्रेत बॅगेत कोंबलं जातंय आणि आंधळ्याचं सोंग घेतलेला आयुष्मान खुराना पियानो वाजवतोय. त्याला दिसतंय हे आपल्याला माहीत, तब्बूला नाही. हे आपल्यापासून लपवलं असतं तर त्या प्रसंगात काय उरलं असतं? एक मयत आणि थोडं संगीत.

'अंधाधुन'वर लोक अजून भांडतात ते शेवटच्या दृश्यावरून. भांडोत. पण राघवनचा खरा धडा त्याआधीच्या 'जॉनी गद्दार'मध्ये आहे, विजय आनंद आणि जेम्स हॅडली चेस यांना अर्पण केलेला. 2007 साली तो तिकीटबारीवर फारसा चालला नाही. आता बघा. गद्दार कोण, ते पहिल्याच खुनाला कळतं.